तीन कोटेशनं, एकतीस बाबी आणि ‘जुनी’ हा शब्द : घराच्या नुकसानीच्या एका क्लेमचं प्रकरण

पार्श्वभूमी

दोन मजली घर. वरच्या बाथरूममध्ये बेसिनमागच्या भिंतीत गाडलेल्या पाइपचा सांधा सुटला. घरात कोणी नव्हतं. साधारण नऊ तास पाणी वाहत राहिलं, खालच्या स्वयंपाकघराच्या फॉल्स सीलिंगवर साचलं आणि तिथून भिंतीच्या कडेने हॉलच्या लाकडी फ्लोअरिंगखाली शिरलं. मालकीणबाई परतल्या तेव्हा सीलिंगचा एक बोर्ड ओट्यावर येऊन पडला होता आणि बाकीचे पोटात पाणी धरून लोंबत होते.

या बाईंना इथे ताई म्हणतो. प्रत्यक्षातही मी त्यांना तसंच म्हणत होतो. माझं काम इमारतींच्या दुरुस्तीची मोजमापं घेणं आणि अंदाजपत्रकं करणं. घटनेनंतर नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. पहिलं वाक्य असं : “कंपनीला नुकसान भरून द्यायचंय की माझी परीक्षा घ्यायचीय, एवढंच मला सांगा.”

लेखात रकमा दिलेल्या नाहीत. पहिल्या कंत्राटदाराच्या पहिल्या कोटेशनला १०० धरलंय आणि बाकीचे सगळे आकडे त्याच्या प्रमाणात आहेत. पॉलिसी साधी घराची होती. अचानक फुटलेल्या पाइपच्या पाण्याने झालेलं नुकसान भरून मिळणार, हळूहळू चाललेल्या गळतीचं मिळणार नाही. भरपाई घसारा (वस्तू जुनी झाल्याने घटलेली किंमत) वजा करून. म्हणजे जुन्याच्या जागी नवं बसवण्याचा पूर्ण खर्च देणारी पॉलिसी ही नव्हे. शिवाय दर क्लेममागे ५ इतकी रक्कम ताईंनी स्वतः सोसायची होती.

पहिला पेच : हात लावायचा की नाही

कोटेशनांच्या आधीच एक घोळ झाला होता, आणि पुढच्या अर्ध्या भांडणाचं मूळ त्यात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी कंपनीला कळवलं. फोनवर त्यांना दोन सूचना मिळाल्या : नुकसान वाढणार नाही याची काळजी घ्या, आणि सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान पाहून अहवाल देणारा माणूस) पाहून जाईपर्यंत काही हलवू नका. दोन्ही सूचना पॉलिसीला धरूनच आहेत. नुकसान वाढू न देणं हे विमाधारकाचं कर्तव्य असतं आणि पुरावा राखणं हेही. पण ओल्या घरात ही दोन कर्तव्यं एकमेकांच्या अंगावर येतात. भिजलेल्या बोर्डावर आणि लाकडावर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. सर्व्हेअर आला सहाव्या दिवशी.

ताई तीन दिवस थांबल्या. चौथ्या दिवशी वास असह्य झाला तेव्हा त्यांनी पुन्हा फोन केला, पलीकडून कोणीतरी “काढा, फोटो ठेवा” म्हणालं आणि त्यांनी ओले बोर्ड काढून टाकले. फोनवर कोण बोललं ते लिहून ठेवलं नाही. फोटो चाळीसेक होते, पण एकातही मोजायचा टेप नव्हता. बोर्ड कचऱ्यात गेले. सहाव्या दिवशी सर्व्हेअरला दिसली ती उघडी पत्र्याची फ्रेम. त्याने आपल्या वहीत सीलिंगचं नुकसान ८ चौरस मीटर लिहिलं. ताईंच्या मते ते जवळपास १५ होतं.

बोर्ड काढले ही चूक नव्हती, ते चौथ्याऐवजी दुसऱ्या दिवशी काढले असते तरी मी हेच म्हटलं असतं. चूक होती ती लेखी न कळवण्यात. “उद्या सकाळी १० वाजता भिजलेले बोर्ड काढत आहोत, पाहणी करायची असल्यास त्याआधी यावं” एवढा एक ईमेल पुरला असता. उत्तर येवो न येवो, तारीख आणि वेळ नोंदली गेली असती.

दुसरा पेच : तीन कोटेशनं

सातव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. पंधरा दिवसांत तीन वेगवेगळ्या कंत्राटदारांची कोटेशनं द्या. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. माल आणि मजुरी वेगळी. कर वेगळा. प्रत्येक वस्तू किती वर्षांची ते लिहा. नुकसानीचं कारण लिहा. कोटेशन मिळवण्याचा खर्च देय नाही.

असं पत्र वाचून माणूस चिडतो आणि ते स्वाभाविक आहे. ज्याच्या डोक्यावर छत गळतंय त्याला लेटरहेड गोळा करायला पाठवलं जातं. कंत्राटदारही चिडतात. क्लेमसाठी मागितलेल्या तीन कोटेशनांपैकी दोघांना काम मिळणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. एकाने ताईंना तोंडावर सांगितलं, “ताई, काम द्यायचं असेल तर आत्ता येतो. नुसता कागद हवा असेल तर माझ्या माणसाचा दिवस फुकट जातो.” त्याचंही बरोबर होतं.

तरी तीन कागद जमले. पहिल्यात एकच ओळ : ‘स्वयंपाकघर व हॉल दुरुस्ती, एकरकमी’, रक्कम १००. दुसरा आला ६१. त्यात डाग पडलेल्या जागी पॅच मारणं आणि रंग, बस्स. फ्लोअरिंग ‘वाळल्यावर बसेल’ असं धरलेलं. तिसरा १४८, आणि त्याने वरची न भिजलेली कपाटंसुद्धा बदलायला घेतली होती.

कंपनीने सर्वांत कमी म्हणून ६१ उचलला. त्यावर सरसकट घसारा १७, ताईंच्या वाट्याचे ५ वजा. हातात ३९.

ताईंचा राग तिन्ही कंत्राटदारांवर आणि कंपनीवर सारखाच होता. मला मात्र ते तीन कागद शेजारी ठेवल्यावर वेगळंच दिसलं. हे एकाच कामाचे तीन भाव नव्हतेच, तीन वेगवेगळ्या कामांचे तीन भाव होते. काय काय खराब झालंय हे कोणी ठरवलंच नव्हतं. तीन दर मागवायचे तर आधी मागणी एक हवी. कंपनीच्या पत्रात कागदाचं रूप बारकाईने सांगितलं होतं, शिक्का कुठे हवा तेही. किती चौरस मीटर, किती मीटर, किती नग, यावर एक अक्षर नव्हतं. अशा वेळी सर्वांत कमी कोटेशन उचलायचं म्हणजे ज्याने सर्वांत कमी पाहिलं त्याचा शब्द खरा मानायचा.

आणि त्यातच : ‘जुनी’

पहिल्या कंत्राटदाराला पत्रातल्या अटीप्रमाणे कारण लिहायला सांगितलं होतं. त्याने खाली हाताने लिहिलं : ‘जुन्या गळतीमुळे प्लाय कुजले.’

त्याच्या मनात होतं, जुन्या पाइपच्या गळतीमुळे. मधला एक शब्द गाळला, आणि ‘जुन्या’ हे विशेषण पाइपवरून उडी मारून गळतीवर जाऊन बसलं. कंपनीच्या दुसऱ्या पत्रात नेमकं हेच वाक्य अवतरणात आलं : आपणच सादर केलेल्या कागदानुसार गळती जुनी असल्याने, हळूहळू झालेल्या नुकसानीच्या अपवादाखाली कपाटांचा दावा तपासाधीन आहे.

‘कुजले’ हाही शब्द नडला. प्लाय फुगलं होतं, कुजलं नव्हतं. फुगायला काही तास पुरतात, कुजायला महिने लागतात. रोज बोलताना आपण हे दोन्ही शब्द सैल वापरतो. क्लेमच्या फाइलमध्ये सैल शब्द कोणाच्या बाजूने ओढला जाईल, हे सांगायला नको.

समोरचे पर्याय

३९ घेऊन मोकळं होणं हा पहिला. ताईंच्या घरच्यांचा कल तिकडेच होता. पैसे लगेच मिळाले असते, पण त्यात फ्लोअरिंगही झालं नसतं.

दुसरा म्हणजे तक्रार. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग बाहेरच्या लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या तटस्थ अधिकाऱ्याकडे. हा दरवाजा चांगला आहे, बऱ्याच देशांत तो फुकट असतो. पण आत जाताना हातात काय घेऊन जाणार? त्या दिवशी ताईंकडे होतं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्याच विरोधात जाणारा एक कागद. मापं नसलेली तक्रार म्हणजे शब्दाविरुद्ध शब्द.

तिसरा पर्याय, टक्केवारीवर क्लेम लढवून देणारा माणूस नेमणं. काही देशांत हा परवानाधारक व्यवसाय आहे आणि मोठ्या आगीच्या किंवा पुराच्या क्लेममध्ये तो आपली फी वसूल करून देतो. इथे रक्कम लहान होती, त्यातून आणखी वाटा काढणं ताईंना परवडत नव्हतं.

चौथा मी सुचवला : कामाची यादी आपण करायची, मापं आपण घ्यायची आणि कंत्राटदारांनी फक्त दर भरायचे. यात दोन आठवडे जाणार होते. चौथ्यावर ठरलं. दुसरा दरवाजा उघडा ठेवला. म्हणजे ३९ नाकारलं नाही, ‘अंतिम तडजोड म्हणून मान्य नाही, फेरमोजणीची विनंती आहे’ असं लेखी कळवलं.

काय केलं

यादीत एकतीस बाबी झाल्या. प्रत्येकीसमोर खोली, लांबी-रुंदी, परिमाण, एकक आणि फोटोचा क्रमांक. दराचा रकाना दोन भागांत : माल, मजुरी. तिसरा रकाना वयाचा.

कपाटांच्या खालच्या पट्ट्या मी स्टीलच्या पट्टीने मोजल्या. १८ मिलीमीटरचं प्लाय जमिनीलगत २२ झालं होतं, आणि एक हात वर जाऊन मोजलं तर पुन्हा १८. पट्टी फळीला लावूनच फोटो घेतले. फ्लोअरिंगवर मॉइश्चर मीटर टेकवला. खिडकीकडच्या कोरड्या फळीचं वाचन आणि भिंतीलगतचं वाचन एकाच कागदावर, खोलीच्या नकाशात लिहिलं. ‘वाळल्यावर बसेल’ या दुसऱ्या कंत्राटदाराच्या शेऱ्याला याहून लांब उत्तर द्यावं लागलं नाही. तीन आठवडे उलटूनही फळ्यांच्या कडा उचललेल्याच होत्या.

सीलिंगचा प्रश्न अवघड होता, कारण बोर्ड नव्हते. पण फ्रेम होती. बोर्ड स्क्रूने बसवतात आणि बोर्ड उपटला तरी पत्र्यात स्क्रूची भोकं राहतात. शिडीवर चढून मी भोकांच्या ओळी खडूने खुणावल्या. जिथे बोर्ड शाबूत होता तिथे त्याची कापलेली कड दिसत होती, ती मोजली. भोकांच्या शेवटच्या ओळीपासून त्या कडेपर्यंत १३.९ चौरस मीटर भरले. ताई म्हणत होत्या त्याहून थोडे कमी, सर्व्हेअरने लिहिले त्याहून बरेच जास्त. १५ असं भरवशावर ठोकलं असतं तर तेही कापलं गेलं असतं.

‘जुन्या’चं निस्तरायला प्लंबर उपयोगी पडला. सुटलेला सांधा त्याने कापून काढला होता आणि सुदैवाने ताईंनी तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता. सांध्याची फाट स्वच्छ होती, कडेला क्षार साचलेले नव्हते. जुन्या झिरपणीत तिथे पांढरट थर दिसतो. प्लंबरने दोन ओळींचं पत्र दिलं. सोबत पाण्याच्या मीटरची वर्षभराची बिलं जोडली : सगळ्या बिलांत वापर एकसारखा, फक्त घटनेच्या महिन्यात उडी. पहिल्या कंत्राटदाराने चूक मान्य केली, पण जुन्या कागदावर खाडाखोड करायला मी त्याला मनाई केली. त्याने नव्या तारखेचं खुलासापत्र दिलं. आधीचा कागद फाइलमध्ये तसाच राहू दिला. कंपनीकडे गेलेला कागद बदलण्याचा नुसता संशय आला तरी खरा क्लेमही बुडतो.

वय सिद्ध करायला बिलं नव्हती. कपाटं अकरा वर्षांची, हे बँकेच्या जुन्या व्यवहारातून निघालं. रंग दोन वर्षांचा, सीलिंग सहा वर्षांचं. वय लपवायचा मोह ताईंना झाला होता. लपवू नका म्हटलं, कारण वयाचा कागद नसेल तर सर्व्हेअर आपल्या अंदाजाने जास्तच वय धरतो. दोन वर्षांच्या रंगाला सरसकट घसाऱ्यात अकरा वर्षांच्या कपाटाइतकंच कापलं गेलं होतं.

माल-मजुरी वेगळी मागण्याची अट ताईंना सर्वांत छळवादी वाटली होती. पण ती ताईंच्याच कामाची निघाली. प्लाय जुनं होतं, सुताराची मजुरी जुनी होत नाही. मजुरीवर घसारा लावावा का, यावर अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांतल्या न्यायालयांनी उलटसुलट निकाल दिले आहेत. ताईंच्या पॉलिसीत मजुरीचा उल्लेखच नव्हता. आकडे वेगळे असल्यामुळे तो मुद्दा मांडता तरी आला. एकरकमी कोटेशनमध्ये घसारा सगळ्यालाच लागतो.

मग कंत्राटदार. या वेळी ताईंनी प्रत्येकाला थोडी फी देऊ केली आणि फक्त दर भरायला सांगितले. पहिला आणि तिसरा तयार झाले. दुसऱ्याने फोनच उचलला नाही, त्याच्या जागी नवा एक आला. आकडे आले ११८, १०९ आणि १२४. आधी ६१ ते १४८ एवढी दरी होती. दर सांगणाऱ्यांत दोघे तेच होते, बाजार तोच होता. बदलली फक्त यादी.

फेरपाहणी आणि निकाल

फेरपाहणीला तोच सर्व्हेअर आला. पहिल्या भेटीत तो वीस मिनिटं होता, दुसऱ्या भेटीत तीन तास. मी पहिल्यापासून त्याला शत्रू मानलं नव्हतं. त्यालाही वर अहवाल द्यायचा असतो, आणि मापं नसली की तो कमी लिहून स्वतःला वाचवतो. स्क्रूची भोकं पाहून तो हसला, शिडीवर चढला आणि स्वतःच्या टेपने मोजून १३.९ लिहून घेतले.

एकतीसपैकी चोवीस बाबी जशाच्या तशा मान्य झाल्या. चार बाबींचं परिमाण कमी झालं. तीन नाकारल्या : पाइपचा सांधा (तो झिजेचा भाग, पण त्याच्यापर्यंत पोचायला भिंत फोडल्याचा खर्च मान्य), वरच्या कपाटांची दारं, आणि शेजारच्या खोलीचा रंग. त्या खोलीत पाणी गेलंच नव्हतं. रंग एकसारखा दिसावा म्हणून ताईंनी तो आग्रहाने घालायला लावला होता. नाकारला गेला ते योग्यच. दारांबद्दल मात्र माझं मत अजून वेगळं आहे. ती छटा आता मिळत नाही, आणि खाली एक रंग, वर दुसरा अशा स्वयंपाकघराला पूर्वस्थिती म्हणणं कठीण आहे. कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं : जे भिजलं नाही त्याचं नुकसान नाही.

भरपाईने माणूस घटनेआधी होता तिथे यावा, त्याला नफा होऊ नये, या तत्त्वावर सगळा मालमत्तेचा विमा उभा आहे. १८८३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन या खटल्यात ते ठासून सांगितलं. तिथे मालमत्ता जळालेली होती. विक्रीचा करार झालेल्या मालकाने विम्याची रक्कमही घेतली आणि खरेदीदाराकडून पूर्ण किंमतही, म्हणून विमा कंपनीला पैसे परत मिळाले. कंपन्यांना या तत्त्वाची नफा न होण्याची बाजू तोंडपाठ असते. पूर्वस्थितीला आणण्याची बाजू विमाधारकाला आठवून द्यावी लागते.

ठरलेलं नुकसान ९७. घसारा १९, पहिल्या वेळेसारखा सरसकट नाही, वस्तूगणिक आणि फक्त मालावर. ताईंचा वाटा ५. हातात ७३. घटना कळवल्यापासून ९४ व्या दिवशी पैसे जमा झाले.

घराची विमा रक्कम पुरेशी होती हे नशीब. ती खऱ्या किमतीच्या ६० टक्केच असती आणि पॉलिसीत सरासरीचं कलम असतं, तर नुकसानही ६० टक्केच धरलं गेलं असतं आणि मग एवढ्या मापांवर पाणी पडलं असतं.

प्रत्यक्ष दुरुस्ती ११३ मध्ये झाली. १०९ वाल्याला काम दिलं, वर ४ चं जादा काम निघालं. म्हणजे ताईंच्या खिशातून ४० गेले. ३९ चे ७३ झाले याचा आनंद मला त्यांच्यापेक्षा जास्त झाला, हे कबूल करायला हवं.

वेगळं काय करता आलं असतं

टेप, लेखी सूचना, फोनवरच्या माणसाचं नाव हे वर आलंच आहे. काढलेल्या बोर्डाचा हातभर तुकडा पाइपसारखाच पिशवीत ठेवता आला असता.

मोठा बदल क्रमात करायला हवा होता. कोटेशनं मागवण्याआधीच सर्व्हेअरची मोजमापं लेखी मागायची होती : तुमच्या मते काय काय बदलायचं आणि किती? कंपनी ती देते किंवा देत नाही. दिली तर वाद दरांपुरता उरतो, नाही दिली तर आपली यादी पुढे करायला मोकळीक मिळते. आम्ही हे एक महिना उशिरा केलं.

कारणाचा रकाना कंत्राटदाराकडून भरूनच घ्यायचा नव्हता. तो सुतारकाम आणि रंगाचा माणूस, पाइप का सुटला हे त्याने का सांगावं? “कारणाबाबत प्लंबरचं पत्र जोडलं आहे” एवढं लिहून ती अट पूर्ण झाली असती.

आणि एक चूक माझी. मलबा उचलण्याचा खर्च मी यादीत मजुरीच्या दरांत मिसळून टाकला. पॉलिसीत मलब्यासाठी वेगळं कलम आणि वेगळी मर्यादा होती. तो खर्च स्वतंत्र दाखवला असता तर साधारण ३ आणखी मिळाले असते. पॉलिसी मी वाचली होती, पण वगळलेल्या गोष्टींच्या पानांवर जास्त वेळ घालवला आणि मिळणाऱ्या गोष्टींचं पान घाईत उलटलं. सर्व्हेअरने फेरपाहणीनंतर गाडीत बसता बसता ते सांगितलं, तोवर अहवालावर सह्या झाल्या होत्या.

पहिला कंत्राटदार अजून भेटतो. परवा एका रंगकामाच्या, विम्याशी काडीचा संबंध नसलेल्या त्याच्या कोटेशनवर तळाशी छापलेली ओळ दिसली : ‘नुकसानीचे कारण आम्हांस माहीत नाही.’